चौसष्ट, चार वाजता

शेलार कधी फोन करायचे नाहीत.
मालधक्क्याच्या भिंतीला सायकल टेकवून
खिशातली चिठ्ठी काढायचे आणि तिच्याकडे न बघता सांगायचे:
चौसष्ट. चार वाजता. चटणी वेगळी.

म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आज कुणीतरी रिटायर होतंय.
कोण, ते मी विचारलं नाही.
माझं काम मैद्याला मोहन घालायचं,
इतकं, की मूठ दाबली तर मुठीचा आकार राहावा.
बटाटा हातानं फोडायचा. किसायचा नाही,
किसलेला बटाटा आजाऱ्याला द्यावा.
धणे भरडून, बडीशेप अख्खी,
आणि मागच्या कडेला एक चुणी,
नाहीतर समोसा ताटलीत उभा राहत नाही, कलंडतो,
साहेबांचं भाषण चालू असताना बरं दिसत नाही
(हे शेलारांनीच शिकवलं).

एकदा एकोणपन्नास म्हणाले.
मी म्हटलं, एवढे लोक उपासाला?
ते म्हणाले, जागा भरत नाहीत रे.
मग अडतीस. मग सव्वीस.
कढई तीच, तेल मात्र कमी ओतायला लागलो.

एकतीस मेला एकदम तीन-चार जण जायचे.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांनाच
एक जूनला जन्माला घातलेलं.

यंदाच्या एकतीस मेला, बुधवार होता,
जुन्या बाजाराची गर्दी पार दुकानाच्या पायरीपर्यंत,
शेलार आले. एकोणीस, म्हणाले.
इस्त्रीचा शर्ट. पायात नवे बूट, चावत असावेत.
कोण चाललंय, मी पहिल्यांदा विचारलं.
ते कढईकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आमचेही मास्तर तसलेच.

अहो, मग आज तरी दुसरं कुणी आलं असतं न्यायला.
कोण येणार? शिपाई मीच.

मी वीस भरले.
त्यांनी मोजले, एक परत काढला. हिशेब चुकतो म्हणाले.
तो मी कागदावर ठेवून त्यांच्या हातात दिला.
उभ्याउभ्याच खाल्ला त्यांनी,
आधी टोक मोडलं, वाफ जाऊ दिली,
बोटांना लागलेलं सारणसुद्धा सोडलं नाही.
मग म्हणाले, मीठ कमी आहे.

नेहमीच कमी असतं?

मला काय माहीत, म्हणाले.
साहेबांचा ड्रायव्हर यायचा, कुणाचं पोर यायचं,
माझ्या ताटलीत वेफर्स आणि पेढा.
इतक्या वर्षांत समोसा माझ्यापर्यंत पुरला नाही कधी.

खोका कॅरियरला बांधला, दोरी दोनदा ओढून बघितली
आणि सायकल हातात धरून, चालत गेले,
चटणी सांडू नये म्हणून.

आता मोबाईलवर ऑर्डर येते: अठरा.
हेल्मेट घातलेला पोरगा न मोजता उचलून नेतो.
मी मीठ चिमूटभर वाढवलंय.
अजून कुणी काही बोललेलं नाही.