पिशवी

रात्रीचे अकरा. फीनिक्सचा डांबरी रस्ता
दिवसभराचं उसनं अजून फेडतोय,
व्याजासकट.

एव्हरार्डोला आणलं ते बसथांब्यावरून.
सावली होती तिथे, खांबाएवढी,
आणि तिच्यात आधीच एक बाई उभी होती.
तो पडला. उजव्या तळव्याची कातडी
फुटपाथनं ठेवून घेतली.
अंगात बेचाळीस. घाम नाही.

मी काळी पिशवी उघडली,
जी आम्ही वेगळ्या कामासाठी मागवतो.
पाणी गळत नाही तिच्यातून, म्हणून.
त्याला आत निजवलं, वर बर्फ, पुन्हा बर्फ,
चेन छातीपर्यंत.
एक्केचाळीस.
चाळीस.
एकोणचाळीस पॉइंट चार.

डोळे उघडले त्याने. चेन दिसली.
"गेलो का मी?"
"नाही रे बाबा. गेलेल्याला कोण बर्फात ठेवतं?"
म्हणाले खरी,
आणि तळमजल्याकडच्या लिफ्टला पाठ केली.

मग त्याचे दात वाजू लागले.
जुलैत, या गावात,
थंडीने दात वाजणारा माणूस!
लादी पुसणारा ओझीअस
फडकं हातात धरून ऐकत राहिला.

पहाटे साठ्याची वही भरली:
पिशव्या, वापरलेल्या, तीन.
कशासाठी,
असा रकाना त्या वहीत नाही.