बाकी

सोहार बंदराच्या मागे, जिथून समुद्र दिसत नाही
पण पत्र्यावर मीठ चढतं,
तिथे मी तीन महिने माणसांचे तास मोजले.
काँक्रीटचे खांब ओतायचा कारखाना.
आधी सळयांचे पिंजरे बांधायचे, मग ते साच्यात उतरवायचे.
माझं एकक : दर माणशी, दर तासाला, पिंजरे.
पहिल्या आठवड्यात तक्ता वाचताना
या शब्दाशी अडखळायचे. मग नाही.

पद्धत जुनी आहे.
उत्पादन घ्या. त्यातून माणसं वजा करा, यंत्रं वजा करा,
वीज, डिझेल, तारेची भेंडोळी,
मेस्त्रीचा आरडाओरडा वजा करता येत नाही, तो सोडून द्या.
जे उरतं त्याला आमच्यात प्रगती म्हणतात.
शाळेत त्यालाच बाकी म्हणायचो
आणि खाली दोन रेघा मारायचो.

जूनमध्ये बाकी जवळजवळ शून्य.
जुलैत, चार नंबरच्या शेडला, साडेतीन टक्के.
नवं यंत्र नाही. माणसं तीच अकरा.
पारा सत्तेचाळीस, दुपारचे तीन तास कायद्यानेच बंद.
मी आकडे पुन्हा भरले. दोनदा.
मग स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं
आणि पाण्याच्या पिंपाजवळ नुसती बसून राहिले.

शौकत बुरोंडकर. दापोलीकडचा, बावीस वर्षं सळईत.
त्याने टेबल आडवं केलं होतं.
इतकंच.
आधी तारेसाठी प्रत्येकजण सतरा पावलं जायचा, सतरा यायचा.
आता तार कापलेली, हाताशी.
कापतो मोइनुल, चितगावचा, खांदा निकामी झालेला,
ज्याला कुरुविला मेस्त्री परत पाठवणार होता.

"बाय, लिहू नको हां. लिहिलंस की टारगेट वाढलं."
मग साडेतीन टक्के तरी का दाखवता?
"कायच नाय दाखवलं तर हा जातो.
सगळं दाखवलं तर आमचा जीव जातो.
थोडं दाखवतो. बाकीचं ठेवतो."

बाकीचं म्हणजे किती, ते मी सवयीने मोजलंच.
दिवसाला एकोणीस मिनिटं, माणशी.
कोणी पिंजऱ्याच्या सावलीत
अंगावर चौकोन घेऊन आडवा होतो.
एकजण नखं कापतो, अगदी मन लावून.
मोइनुल फोनवर मुलीकडून पाढे म्हणवून घेतो.
शौकत घरी विचारतो, "बाकी काय?"
आणि तिकडून बराच वेळ कोणी काही बोलत नाही,
आणि तो फोन ठेवत नाही.

मस्कतला सादरीकरण.
हिलालसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून
तक्ता सहावर बोट ठेवलं : हे कशामुळे?
सगळ्या शेडांत आणता येईल का?
त्यांचं चुकत नव्हतं.
एका शेडला सुचलेलं सगळीकडे पसरावं
आणि सगळ्यांचंच थोडं बरं व्हावं,
या भरवशावर तर माझा विषय उभा आहे.
बारा वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलेय,
शेवटच्या बाकावरच्यांनाही पटेल असं.

मी म्हणाले, मोजमापातली चूक असावी.
पुढील संशोधन आवश्यक.
त्यांनी पान उलटलं. चहा आला.

सप्टेंबरात त्यांच्या माणसांबरोबर
शेवटची पाहणी करायला गेले, तर चार नंबरला
टेबल पुन्हा सरळ.
अकराजण सतरा पावलं जात होते, सतरा येत होते.
मोइनुल झाडू घेऊन उभा.
मी पिंपाशी रेंगाळले. शौकत पाणी प्यायला आला,
ग्लास विसळत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पाहुणे आलेत म्हणून फिरवलंय.
तुम्ही गेलात की आडवं."

पाहुण्यांत मला धरलं होतं की नाही,
ते विचारायचं राहिलं.