दुसरा डबा, डावी बाजू

रात्री साडेअकराला गाडी यार्डात येते
आणि शिगेनो बूट काढून आत शिरते.
तसा नियम नाही.
पण मेपलच्या तक्तपोशीवर आपलाच पाय वाजलेला
तिला आवडत नाही.

एकवीस खिडक्या, एकवीस जाळ्या.
खिळा एकही नाही.
सुगी नावाच्या झाडाच्या काड्या
नखाएवढ्या खाचांत एकमेकींना धरून,
त्यांचीच झालेली तागाची पानं.
करणाऱ्या सुताराला ती ओळखत नाही,
त्याच्या चुका मात्र ओळखते:
नवव्या जाळीत एक पान उलटं,
सोळावीत एक काडी गोरी, मागाहून बसवलेली,
नव्या सुनेसारखी अजून अंग चोरून.

बकरीच्या केसांचा ब्रश फिरवताना
काय काय निघतं त्या भोकांतून:
दातकोरणी, चॉकलेटची चांदी,
एकदा अंगठी (जमा केली, पावती घेतली),
एकदा चार घड्यांची चिठ्ठी, जी तिनं उघडली नाही.
उघडली. नुसता पत्ता होता.

आसनांवर निळीत बुडवलेले चतुर,
दिव्यांना कागदाचे झगे,
आणि ही गाडी चालताना
तिनं आतून कधी पाहिलेली नाही.
जाळीतून समुद्र म्हणे पानापानानं दिसतो.
तिकीट पंधरा रात्रींच्या मजुरीचं.
तिला दिसतं ते शेजारच्या रुळावरच्या
सिमेंटच्या वाघिणीचं बूड.

आज चौथ्या जाळीत
तांदळाएवढं काहीतरी.
दात. दुधाचा.

खालचा असला तर छपरावर टाकायचा,
वरचा असला तर जोत्याखाली,
म्हणजे नवा सरळ येतो.
तिच्या आईनं सगळे नेमानं टाकले होते,
तरी पुढचा एक वाकडाच आला.

हरवलेल्या सामानाच्या फॉर्मवर
'वस्तू' पुढे लिहिता येईल.
'अंदाजे किंमत' पुढे काय लिहायचं?
काळ्या काचेत तोंड उघडून
तिनं तो आपल्या दातांशी लावून पाहिला,
वर, मग खाली.
खालचाच, असं ठरवलं.

मोज्यांनिशी खडीवर उतरली.
दोनदा हात मागे नेला, दोनदा थांबली.
मग टाकला.
टक्.
'काय पडलं?' पलीकडून हिरागा,
चाकावर हातोडी धरलेली.
'कुठं काय,' ती म्हणाली.

सकाळी सात चाळीसला गाडी सुटली.
पांढरे हातमोजे, कॉफीचा वास,
खिडकीशी कुणी कुणी आधीच कॅमेरा लावून.
वर छपराच्या एखाद्या पन्हळीत
तो दातही निघाला समुद्राकडे,
निदान पहिल्या बोगद्यापर्यंत.

शिगेनो बसथांब्यावर उभी,
डावा मोजा ओला,
जिभेनं आपला वाकडा दात
उगाच चाचपत.