घोषित मूल्य

कार्ब्युरेटर सत्तावीसशेचा.
ड्युटी, हाताळणी, वर कसलासा अधिभार,
कुरिअरवाला दारातच:
"अडीच हजार, काका. आधी पैसे, मग खोकं."

उलव्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरून
बंदराच्या क्रेन दिसतात.
तिकडंच कुठंतरी आमचं मिठागर होतं.
हसुरामदादा याच जावावरून
मजुरी वाटत फिरायचा.

पावतीवर छापलंय: जुना सुटा भाग,
घोषित मूल्य अमुक.
बरं. सही केली.

भुशाच्या आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
कुणी परक्या म्हाताऱ्यानं
घासूनपुसून पाठवलेला राखाडी तुकडा,
अजून रॉकेलचा वास.

बसवायला रविवार गेला.
चौथ्या किकला गाडी खोकली, मग धरली.
वर गॅलरीत वहिनी,
कपडे काढता काढता,
वाकून न बघताच म्हणाली,
"आला वाटतं."