ब्याऐंशी

घाटंजीच्या सेतूत पोरगी म्हणाली,
"काका, तुमच्या लुनावर दंड हाय.
दोन वर्षं झाली. नोटीस नाही भेटली?"

नाही बा.
आमचा आत्राम पोस्टमन तर
लग्नपत्रिकाही वाचून दाखवूनच देते.

वेग : ब्याऐंशी.

माही लुना!
जिले पारव्याच्या चढावर
उतरून, समजावून न्या लागे.

पोरीनं फोटो मोठा केला.
तवा आठवलं.
इंजिन बसलं होतं,
कय्यूमच्या टेम्पोत उभी बांधली होती तिले
सरकीच्या पोत्यांजवळ,
नंबरप्लेट मांगं.

भांडलो नाही. पैसे भरले,
वरतून दहा रुपये देऊन रंगीत प्रिंट घेतली.

जिंदगीत एकदाच
अशी सुसाट गेली बिचारी,
अन् मले
कोणी कळवलंच नाही.