सत्त्याऐंशीला उकळतं पाणी

पुस्तकात लिहिलंय: बर्फात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर,
दोन खुणा करा, मधलं अंतर वाटून घ्या.
पुस्तक लिहिणारा समुद्राकाठचा असणार.
इथे एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
पाणी सत्त्याऐंशीलाच उकळून मोकळं होतं.
पहिल्यांदा मी पुस्तकाचंच ऐकलं.
थर्मिस्टर काखेत धरला, आकडा आला बेचाळीस.
म्हणजे मी केव्हाच गेलेली होते
आणि कोकाच्या पानांचा चहा पीत होते.

थर्मिस्टर तिळाएवढा, काचेचा, तारा केसासारख्या.
डिस्प्ले रविवारच्या बाजारातला,
खाटकाच्या मोडक्या काट्यातून काढलेला, सात बोलिव्हियानोंना.
लामाच्या मांसाचं वजन सांगून सांगून
त्याची एक रेघ मेली होती,
मधल्या आकड्याची, वरची उजवी.
ती रेघ नसली की आठाचा सहा होतो,
नवाचा पाच.
अडतीस असताना छत्तीस, एकोणचाळीस असताना पस्तीस:
ताप जितका खरा, तितकी खोटी थंडाई.
मी तो आकडा उपटून फेकला
आणि दुसऱ्या रविवारची वाट पाहिली.
त्या आठवड्यात नायराला काही झालं नाही.
काही झालं नाही, एवढंच.

नायरा म्हणजे आमच्या आयमारात डोळा.
अंग तापलं की तिचे दोन्ही वर जातात,
पांढरे होतात, दातखीळ बसते.
दोनदा झालंय. दोन्ही वेळा मी जागी होते.
पण रात्री मी बेकरीत असते,
दोनशे वीस अंशांच्या भट्टीपुढे,
जिला कुणी थर्मामीटर लावत नाही,
कासिल्दा मावशी पिठाचा हात आत घालून सांगते, झाली.
घरी नायराजवळ बाबा.

बझर लावला. साडेअडतीसच्या वर गेला की
शेजारची कुत्री भुंकायला लागतील असा.
सगळी गल्ली जागी झाली पहिल्याच चाचणीला,
दोन्या एउलालिया चप्पल घेऊन दारात आली.
बाबा पाठमोरे, बटाटे सोलत बसलेले.
वानुनीच्या खाणीत सव्वीस वर्षं सुरुंग उडवले त्यांनी,
कानांचा हिशेब कंपनीने केला नाही.

मी बझरकडे बघत बसले.
चुलीवर पातेलं.
बाबांनी न बघता दोन बोटं झाकणावर टेकवली,
झाकण थरथरलं,
आणि त्यांनी मान हलवली: आलं उकळून.
रोजच तर करतात असं. मी रोजच तर बघते.

मेलेल्या मोबाइलच्या पोटात एक मोटर असते,
शेंगदाण्याएवढी, एका अंगाने जड.
ती घड्याळाच्या पट्ट्यात शिवली, तार लांब सोडली,
एक टोक नातीच्या काखेत, एक आजोबांच्या मनगटावर.
ते म्हणाले, खाणीत वात पेटवायचो तेव्हा अशीच तार असायची.
मग हसले. मला हसू आलं नाही.

जूनमध्ये, गारठा उणे अकरा,
पहाटे तीनला मनगट थरथरलं.
हे मला नंतर कळलं, पाव भरत असताना मला काहीच कळलं नाही.
बाबांनी आकडा बघितला: ३८.७.
मग कपाळावर तळवा ठेवला,
तोच, ज्याची दोन बोटं अर्धी आहेत.
मशीनचं खरं की हाताचं, हे एकदा ताडून घेतलं असावं.
ओलं फडकं, औषधाचा अर्धा चमचा, पोंचोत गुंडाळून
आरोग्यकेंद्राच्या दारावर मूठ.
डोळे वर गेले नाहीत.

सकाळी मी आले तेव्हा दोघं झोपलेली.
तार अजून जोडलेली,
डिस्प्लेवर ३६.९, मधला सहा
नव्या आकड्यातला, पुरा सहा.
मी तो बराच वेळ बघितला, कडेकडेने,
कुठली रेघ मेलेली नाही ना, म्हणून.