बाहेरची पेटी

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत रमणभाई पंचालनं पेटी जोडून दिली,
गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकापाशी.
दीड मिलिमीटर पत्रा, दोन कुलपं,
पाणी निथळायला खाली तीन भोकं.
"आमां तो आखुं घर समाई जाय," तो म्हणाला.
घर आतच होतं: दोन बर्थ, एक शेगडी,
खिडकीला केतकीच्या जुन्या ओढणीचा पडदा.
पेटीत जायचं होतं ते, ज्याला घरात कोणी घेत नाही.
जॅक, टोचन, फावडं, चिखलाचे बूट,
पाण्याची निळी नळी,
आणि दुसरी, काळी,
जिच्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत.

पहिल्यांदा मी लावली.
फडताळ लावतात तशी, मोठं मागे, लहान पुढे,
दिसायला छान. फोटोही काढला.
श्रीरंग पेटीसमोर उकिडवा बसला, हात आत घातला,
आणि हात मध्येच थांबला,
परक्या घरी रात्री माठ शोधतात तसा.
"पाना कुठाय?"
"हा काय, समोर."
समोर म्हणजे कुठे,
हेच तर गेल्या श्रावणापासून बदललंय.
डॉक्टर म्हणाले होते, आधी कडा जातात,
मग संध्याकाळ.
मधलं बरेच दिवस टिकतं.

सगळं पुन्हा बाहेर काढलं,
पार्किंगमध्ये सतरंजीवर मांडलं.
तिसऱ्या मजल्यावरून कोकिलाबेन, "वेचवा काढ्युं छे?"
मी म्हटलं, हो, मला घेता का?

मग मंगळबाजारातून आकडे आणले,
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या,
आणि त्याचा हात जिथे आपणहून जाईल
तिथे तिथे खडूनं खूण केली.
अंगठ्याखाली चौदाचा पाना. करंगळीशी पक्कड.
मनगट टेकेल तिथे जॅकचा दांडा.
स्क्रूड्रायव्हरला इथे डिसमिस म्हणतात.
खतांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून
तो हा शब्द हसून उच्चारतो,
जरा जास्तच हसून.
चपट्या डिसमिसला दोऱ्याची एक गाठ, स्टारला दोन.
निळ्या नळीला सुतळी.
काळीला काही नाही.
जिला काही नाही, ती ती.

रोज दिवेलागणीला तालीम.
मी स्टुलावर, हातात घड्याळ.
पहिल्या दिवशी जॅक, दांडा, चाकाचा पाना:
चार मिनिटं, आणि दोन शिव्या.
अकराव्या दिवशी पन्नास सेकंद.
"आता तू," तो म्हणाला,
आणि उरलेली अर्धी ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली.

खडूच्या खुणा माझ्या. गाठी माझ्या. आकडे मी ठोकलेले.
आणि मला काही सापडेना.
फावड्याच्या धारेवर बोट गेलं,
तेलाचा डबा कलंडला,
पाना म्हणून जे उचललं ते कुलूप निघालं.
वरच्या गॅलरीत कोणीतरी हसलं.
त्यानं माझं मनगट धरलं.
"घाई नको. खाली. अजून खाली.
आता थांब, त्यालाच येऊ दे."
आणि आला की, गार, जड, चौदाचा,
माझ्या अंगठ्याखाली नाही, तर्जनीखाली.
माझा हात लहान आहे,
हे बत्तीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी मीच चालवणार. सत्तावन्नाव्या वर्षी लायसन काढलंय,
रिव्हर्सला अजून जीभ चावते.
उद्या पहाटे डभोईच्या रस्त्यानं नर्मदेकडे,
पुढचं पुढे.

रात्री शेगडीचा रेग्युलेटर गळत होता.
पक्कड काढली, आवळला,
आणि कंटाळा करून शेजारच्याच आकड्याला अडकवली.
साडेदहाला खाली कुलूप वाजलं.
मी दिवा लावला नाही.
पत्र्याचं झाकण. मग काही नाही. मग:
"पक्कड कोणी हलवली?"
काय रुबाब होता आवाजात,
शिफ्ट इंजिनियर असतानाचा.
"विश्वामित्रीतली मगर आली होती," मी खिडकीतून म्हटलं.
थोडा वेळ नुसती आकड्याची टिकटिक.
"तिला सांग," तो म्हणाला,
"जागेवर ठेवत जा."